हनुवटीवरचं बोट

श्रोतेहो, नमस्कार. ऐकता ऐकता एक करा. हनुवटीच्या मधोमध बोट ठेवा आणि जबड्याच्या कडेकडेनं कानापर्यंत न्या. सांधा लागला कुठे? नाही लागणार. मोठ्या माणसाचा खालचा जबडा म्हणजे सलग एकच हाड. तरी युरोपातले वैद्य शतकानुशतकं शिकवत आले, की ही दोन हाडं आहेत. का? तर गेलननं तसं लिहून ठेवलं होतं म्हणून.

गेलन हा दुसऱ्या शतकातला, रोमन साम्राज्यातला थोर वैद्य. त्या काळी माणसाचं प्रेत कापायची सोय नव्हती. त्यानं माकडं कापली, डुकरं कापली, आणि तिथं दिसलं ते माणसालाही लागू केलं. बिचाऱ्याचा नाइलाज होता. पुढच्यांचा मात्र नव्हता. त्यांच्यासमोर माणसाचं प्रेत असायचं! पण वर्ग कसा भरायचा पाहा. प्राध्यापक उंच आसनावर बसून गेलन वाचणार, खाली न्हावी सुरी चालवणार, आणि तिसरा एक जण काठीनं अवयव दाखवणार. वाचणारा प्रेताला हात लावत नसे, आणि कापणाऱ्याला लॅटिन कळत नसे. ग्रंथात एक आणि टेबलावर भलतंच निघालं, तर दोष प्रेताचा.

१५३७ साली इटलीतल्या पादुआ विद्यापीठात आंद्रेआस वेसालियस नावाचा ब्रुसेल्सचा तरुण शिकवायला लागला. वय बावीस. हाडांचं वेड इतकं, की आदल्याच वर्षी लूव्हेन गावाबाहेर फासावर लटकलेल्या गुन्हेगाराचा सांगाडा त्यानं चोरून घरी आणला होता. पादुआला तो आसनावरून खाली उतरला आणि सुरी स्वतःच्या हातात घेतली.

इथं टाळ्या वाजवायचा मोह होतो. पण जरा थांबा. पुढच्याच वर्षी, १५३८ मध्ये, त्यानं विद्यार्थ्यांसाठी शरीराच्या चित्रांचे सहा मोठे तक्ते छापले. त्यात यकृताला पाच पाळ्या, म्हणजे पाच भाग आहेत; माणसाच्या यकृताला तसे नसतात! मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं एक ‘अद्भुत जाळं’ आहे. ते बैलात असतं, मेंढीत असतं, माणसात नसतं. स्वतः सुरी चालवणाऱ्यानंही वाचलेलंच काढलं होतं. त्यानं ते लपवलं नाही, हे मला फार आवडतं. माणसाचं डोकं उघडताना शेजारी कोकराचं नाहीतर बैलाचं डोकं ठेवायचो, म्हणजे जाळं दाखवता यायचं, असं त्यानं पुढे स्वतःच लिहिलं.

डोळ्यांवरचा हा पडदा सरकला तो चित्रांमुळे, असं मला वाटतं. स्नायू कुठून निघतो आणि कुठे चिकटतो, हे शब्दांत गुळमुळीत लिहून भागतं. रेघ मारायची म्हटली, की ती कुठेतरी सुरू करावी लागते आणि कुठेतरी थांबवावी लागते. १५४३ साली वेसालियसचा मानवी शरीररचनेवरचा सात भागांचा ग्रंथ आला, तो अशा चित्रांनी भरलेला. एक सांगाडा फावड्यावर रेलून उभा आहे. दुसरा थडग्याशी उभा राहून समोरच्या कवटीकडे पाहत विचारात पडलाय. कातडी सोललेले पुरुष पादुआजवळच्या टेकड्यांपुढे उभे आहेत, आणि ही पानं शेजारी शेजारी मांडली, तर मागचा देखावा सलग जुळतो. हे काम व्हेनिसच्या तितियानच्या चित्रशाळेत तयार झालेल्या हातांचं मानतात. पुस्तकात मात्र चित्रकाराचं नाव नाही. वेसालियसवर माझा राग असेल, तर तो एवढ्याचसाठी.

चित्रं लाकडी ठशांवर कोरली होती. ते ठसे आल्प्स पर्वत ओलांडून स्वित्झर्लंडमधल्या बाझलला, ओपोरिनस या मुद्रकाकडे गेले. छपाईवर नजर ठेवायला वेसालियसही मागोमाग पोचला.

ग्रंथानं गेलनच्या चुका दाखवल्या, म्हणून त्यावर गहजब झाला. पॅरिसमधले त्याचे गुरू सिल्व्हियस तर शिष्याला ‘वेडा’ म्हणू लागले. गेलन चुकणं शक्यच नाही, त्याच्यानंतर माणसाचं शरीरच बदललंय, हा त्यांचा युक्तिवाद. मांडीचं हाड गेलननं सांगितलं तितकं वाकडं का दिसत नाही? हल्ली तंग विजारी घालतात म्हणून!

वेसालियस तरी पूर्ण मोकळा झाला होता का? हृदयाच्या मधल्या पडद्याला सूक्ष्म भोकं असून त्यांतून रक्त पाझरतं, असं गेलन सांगून गेला होता. वेसालियसला भोकं दिसेनात. पहिल्या आवृत्तीत त्यानं ‘देवाची करणी’ म्हणून वेळ मारून नेली. पडद्यातून रक्त जातं कसं, मला कळत नाही, हे स्पष्ट लिहायला १५५५ ची दुसरी आवृत्ती उजाडली.

ग्रंथाच्या त्या लाकडी ठशांवरून १९३४ सालीही चित्रं छापली गेली, इतके ते शाबूत होते. पुढे दुसऱ्या महायुद्धात म्युनिकवर बॉम्ब पडले, त्यात ते जळून गेले. पण बाझलच्या मुक्कामात वेसालियसनं देहदंड झालेल्या एका गुन्हेगाराचं प्रेत कापून त्याची हाडं जोडली होती. तो सांगाडा बाझलच्या संग्रहालयात आजही आहे.

नमस्कार.