तालमीचा फळा

सकाळी साडेसात, कोल्हापूरची शिवाजी पेठ. तालमीचा हा फळा म्हणजे पेठेच्या बातम्यांचा, मॅच असो, कोण गेलेलं असो का पुराचं पाणी. ओलं फडकं फिरतंय बघा फळ्यावर, कालचं सगळं पांढरं पाणी होऊन खाली कट्ट्यावर गळतंय. आता फळा वाळेपर्यंत थांबायचं, कारण ओल्यावर लिहिलं तर खडू घट्ट बसतो आणि दुसऱ्या दिवशी निघता निघत नाही. मग दोघांनी दोरा धरायचा, त्याला खडू फासलेला असतो, मधून ताणून सोडला की सट्कन सरळ रेघ उठते. सगळ्यात आधी वर तारीख आणि वार, तारखेशिवाय एक शब्द लिहायचा नाही हा इथला नियम. शाहू स्टेडियमवर मॅच असली की पिवळा खडू, रक्षाविसर्जन असलं की फक्त पांढरा. अक्षर कसलं आहे बघा, 'र' चा वळसा नुसता बघत राहावा!

आणि हे लिहून होईपर्यंत तीच बातमी व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीच पडलेली असते. 2016 ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि पेठेत घरटी ग्रुप झाले, भावकीचा वेगळा, गल्लीचा वेगळा, तालमीचे तर दोन. पूर्वी कोण गेलं की पोरं सायकलवरून घरोघरी सांगत जायची, आता ग्रुपवर मेसेज पडतो आणि खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते. ते काय आम्ही शूट केलं नाही, मोबाईलच्या स्क्रीनचं काय शूट करायचं.

फळ्याची खरी गरज लागते पावसाळ्यात. हा आकडा दिसतोय ना, ही पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, इथल्या शाळकरी पोरालापण हे पाठ. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेलेलं. तेव्हापासून जरा पाऊस लागला की मेसेज सुटतात, राधानगरी धरणाचे सातही स्वयंचलित दरवाजे उघडले, सावध राहा, सगळ्यांना पाठवा. दरवाजे उघडलेले असतातही, पण कधी? मागच्या वर्षी का आज? त्यात तारीखच नसते, त्यामुळं तो मेसेज दर जुलैला नव्यानं फिरतो आणि खालच्या गल्लीतली माणसं रात्रीची सामान माळ्यावर चढवत बसतात. 2018 ला व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली, पण त्या पाचांनी पुढं पाच पाच पाठवले की झालंच की.

फळ्यावर चूक झाली तर लिहिणारा समोरच कट्ट्यावर बसलेला असतो, लोक तिथंच विचारतात, तो उठून फडकं मारतो आणि दुरुस्त करतो.

आता नवीनच सुरू झालंय, पोरं फळ्याचाच फोटो काढून ग्रुपवर टाकतात. चांगलंच आहे ते, मुंबई-पुण्याला गेलेल्यांनापण कळतं. फक्त भावांनो, फोटो काढताना वरची तारीख कापू नका.