पहिल्या उताराची आखणी

स्कीइंग शिकण्यासाठी पहिल्यांदाच बर्फाच्या डोंगरावर जाणारा माणूस प्रवासाची आखणी करू लागतो, तेव्हा त्याच्यासमोर बहुधा एखाद्या स्की रिसॉर्टची जाहिरात असते. एकूण उतारांची लांबी किती किलोमीटर आहे, सर्वांत उंच टोक किती मीटरवर आहे आणि लोकांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्ट किती आहेत, हे तिच्यात ठळक अक्षरांत छापलेले असते. तीन-चार दिवसांच्या सहलीत यांतला जवळजवळ एकही आकडा नवशिक्याच्या उपयोगाचा नसतो. त्याचा पहिला दिवस, आणि पुष्कळदा दुसराही, एका लहानशा, नजरेला जवळजवळ सपाट वाटणाऱ्या पट्ट्यावर, म्हणजे शिकाऊ उतारावर, जातो. उरलेला डोंगर त्याच्यासाठी देखावा असतो, आणि त्या देखाव्याचे पैसे मात्र मुक्कामात आणि लिफ्टच्या पासमध्ये धरलेले असतात.

म्हणून ठिकाण निवडताना आधी या पट्ट्याची चौकशी करावी. तो जाळीने इतर उतारांपासून वेगळा केला आहे, की वरून वेगाने येणारे लोक त्यातूनच वाट काढतात? ज्याला अजून थांबता येत नाही त्याचाही वेग आपोआप संपेल, एवढा सपाट भाग त्याच्या तळाशी आहे का? वर जाण्यासाठी सरकता पट्टा आहे का? या सरकत्या पट्ट्यावर नुसते उभे राहिले तरी माणूस वर पोहोचतो. त्याच्याऐवजी दांड्याला धरून बर्फावरून ओढत नेणारी लिफ्ट असेल, तर ती न पडता पकडणे हाच एक स्वतंत्र धडा होतो आणि पहिल्या सकाळचा बराच वेळ त्यातच खर्च होतो. केवळ शिकाऊ भागापुरता स्वस्त पास अनेक ठिकाणी मिळतो. संपूर्ण डोंगराचा पास पहिल्याच दिवशी घेणे म्हणजे जाहिरातीतल्या किलोमीटरांना भुलणे होय.

शिकाऊ उतार गावालगत आहे की गोंडोलाने, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या बंद डब्याने, वर गेल्यावर लागतो, यानेही बराच फरक पडतो. उंचीनुसार तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश सेल्सियसने उतरते, त्यामुळे वरचा बर्फ जास्त काळ चांगला राहतो. मात्र वारा सुटला की गोंडोला बंद होऊ शकतो आणि छोट्या सहलीतला एक अख्खा दिवस हातचा जातो. गावालगतच्या उतारावर जाणे-येणे सोपे असते, पण उबदार आठवड्यात तिथला बर्फ पातळ होतो. कृत्रिम बर्फाची यंत्रे असली तरी ती हवेच्या लहरीवर चालतात, कारण फवारलेले पाणी हवेतच गोठावे यासाठी थंडीबरोबर हवेचा कोरडेपणाही लागतो. दमट हवेत तापमान शून्याच्या थोडे खाली गेले असले, तरीही यंत्रे बंद ठेवावी लागतात.

तारखा ठरवताना गर्दीचा विचार हवामानाइतकाच महत्त्वाचा आहे. उत्तर गोलार्धात नाताळपासून नववर्षापर्यंतचा काळ आणि शाळांच्या हिवाळी सुट्या टाळल्या, तर रांगाही टळतात आणि शिकाऊ उतारावर मोकळी जागा मिळते. जानेवारीत बर्फ सहसा चांगला असतो, पण दिवस लहान आणि थंडी कडक असते. मार्चमध्ये ऊन आणि उजेड भरपूर मिळतो. त्या काळात सकाळी कडक असलेला बर्फ दुपारपर्यंत ओला आणि जड होतो, म्हणून शिकवणी सकाळचीच घ्यावी. याखेरीज एक अडचण अनेकांना तिथे पोहोचल्यावरच कळते. पुष्कळ स्की शाळांमध्ये, विशेषतः आल्प्समध्ये, नवशिक्यांचे गट आठवड्याच्या सुरुवातीला ठरलेल्या दिवशीच सुरू होतात. बुधवारी पोहोचणाऱ्याला मग अर्धा अभ्यासक्रम उरकलेल्या गटात तरी बसावे लागते किंवा महागडी खासगी शिकवणी तरी घ्यावी लागते. विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी शाळेला एवढा एक प्रश्न विचारला, तर ही वेळ येत नाही.

पहिल्या शिकवणीच्या आदल्या संध्याकाळी मुक्कामी पोहोचावे आणि त्याच संध्याकाळी साहित्य भाड्याने घ्यावे. सकाळी भाड्याच्या दुकानात रांग असते, कर्मचारी घाईत असतात, आणि घाईत निवडलेला बूट दिवसभर छळतो. पहिल्या सहलीसाठी काहीही विकत घेण्याचे कारण नाही. नवशिके लोक स्कीच्या रंगरूपाकडे फार लक्ष देतात. वास्तविक त्यांच्या दिवसाचे भवितव्य बुटावर अवलंबून असते. स्कीचा बूट पायाच्या सेंटिमीटरमधल्या लांबीवरून निवडतात आणि तो नेहमीच्या बुटापेक्षा बराच घट्ट असतो. ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे किंचित टेकावीत, गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबली की ती मागे सरकावीत, आणि टाच कोणत्याही स्थितीत उचलली जाऊ नये, ही त्याची परीक्षा आहे. घट्टपणाला घाबरून एक माप मोठा बूट घेतला, तर पाय आत वळतो पण स्की वळत नाही, आणि शिकणाऱ्याला वाटते की दोष आपल्या अंगात आहे. बुटात गुडघ्याखालपर्यंत येणारा एकच पातळ मोजा घालावा. दोन मोज्यांनी ऊब वाढत नाही, उलट रक्तप्रवाह दाबला जाऊन पाय गार पडतात आणि सुरकुत्यांच्या जागी फोड येतात. दुकानात बूट घालून दहा मिनिटे चालावे, उभे राहावे, आणि कुठे टोचत असेल तर संकोच न करता दुसरा मागावा.

त्याच दुकानात वजन, उंची, वय आणि स्की करण्याची पातळी विचारली जाते. बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडताना सोडून देणारी जी बाइंडिंग असते, तिचा ताण या माहितीवरून आणि बुटाच्या तळव्याच्या लांबीवरून ठरवतात. आपोआप सुटणारी बाइंडिंग 1930 च्या दशकाच्या अखेरीस यल्मार व्हाम या नॉर्वेजियन-अमेरिकन स्कीपटूने स्वतःचा पाय मोडल्यानंतर तयार केली. त्याआधी माणूस पडला तरी स्की पायालाच राहत असे. वजन संकोचाने कमी सांगितले, तर बाइंडिंग नको तेव्हा सुटते. स्वतःला अनुभवी म्हणवून घेतले, तर ती हवी तेव्हाही सुटत नाही. त्यामुळे या अर्जावर खरे लिहिण्याला पर्याय नाही. स्कीची लांबी नवशिक्याला साधारण हनुवटीपर्यंत पुरते. 1990 च्या दशकात मध्ये निमुळत्या आणि टोकांना रुंद अशा कार्व्हिंग स्की रूढ झाल्या, तेव्हापासून लांबी घटली आणि वळणे शिकणे सोपे झाले.

कपड्यांबद्दल थोडक्यात सांगता येते. अंगालगत घाम बाहेर टाकणारा थर, त्यावर उबेचा थर आणि सर्वांत वर वारा व पाणी अडवणारे जाकीट असावे. सुती कपडा मात्र नको, कारण तो भिजला की लवकर वाळत नाही. हातमोजे पाणी न शिरणारे हवेत, कारण नवशिक्याचे हात सतत बर्फात असतात. हेल्मेट भाड्याने मिळते. उन्हाला कमी लेखू नये. ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परावर्तित करतो आणि दर हजार मीटर उंचीमागे त्यांची तीव्रता सुमारे 10 टक्क्यांनी वाढते, त्यामुळे हनुवटीखाली आणि नाकपुड्यांपाशीही मलम लावावे लागते.

पहिल्या सकाळी प्रशिक्षक लगेच घसरायला लावत नाही. तो आधी एकाच पायात स्की घालून सपाटीवर चालवतो, मग उताराला आडवे उभे राहून पायरी-पायरीने वर चढवतो, आणि पडल्यावर उठायचे कसे ते शिकवतो. त्यानंतर स्कीची पुढची टोके जवळ आणि मागची दूर ठेवून वेग आवरण्याची मुद्रा येते. तिला स्नोप्लाउ म्हणतात. सोप्यापासून अवघडाकडे नेणारी ही क्रमवार शिकवणी ऑस्ट्रियातील आर्लबर्ग भागात हान्नेस श्नायडर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत घडवली, आणि तिची छाप आजच्या वर्गांवरही दिसते. दोनशे मीटरच्या उतारावर तेच तेच करताना कंटाळा येतो, पण हा टप्पा मित्राच्या भरवशावर उरकू नये. उत्तम स्की करणारा मित्र उत्तम शिकवेलच असे नाही, आणि तो बहुधा लवकर वर जाण्याची घाई करतो.

पडणे अटळ आहे, तेव्हा पडण्याचीही तयारी असावी. तोल गेलाच तर बाजूला पडावे आणि घसरणे थांबेपर्यंत उठण्याची धडपड करू नये. गुडघ्यातले अस्थिबंध पुष्कळदा त्या धडपडीतच दुखावतात. हातातली काठी पडताना सोडून द्यावी, कारण ती घट्ट धरल्याने अंगठ्याच्या सांध्याला होणारी इजा इतकी नेहमीची आहे की वैद्यकात तिला स्कीपटूचा अंगठा असेच नाव आहे.

थांबणे आणि दोन्ही बाजूंना वळणे जमल्यावर चेअरलिफ्टची, म्हणजे तारेला टांगलेल्या खुर्चीवर बसवून वर नेणाऱ्या लिफ्टची, पाळी येते. पहिली चेअरलिफ्ट अमेरिकेतील आयडाहो राज्यात सन व्हॅली येथे 1936 मध्ये सुरू झाली. तिचे अभियंता जेम्स करन यांना ती कल्पना जहाजात केळीचे घड चढवणाऱ्या आकड्यांच्या यंत्रणेवरून सुचली होती. लिफ्टच्या वरच्या टोकाला पोहोचल्यावर खाली येण्याचा मार्ग कोणत्या रंगाचा आहे, हे खाली असतानाच पाहावे, आणि तो रंग कोणत्या देशातला आहे हेही ध्यानात घ्यावे. फ्रान्समध्ये सर्वांत सोपा उतार हिरवा असतो आणि निळा त्यानंतरचा. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये सोप्या उतारांची सुरुवात सहसा निळ्यापासूनच होते. उत्तर अमेरिकेत हिरवे वर्तुळ सोपे, तर निळा चौकोन म्हणजे मध्यम अवघड उतार. म्हणजे आल्प्समध्ये निळ्यावर शिकलेला माणूस अमेरिकेत निळा चौकोन पाहून निर्धास्तपणे निघाला, तर त्याची फसगत होऊ शकते. शिवाय प्रत्येक रिसॉर्ट आपल्याच उतारांची आपसांत तुलना करून रंग ठरवते.

उतारावरील वर्तनाचे दहा नियम आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने 1967 मध्ये ठरवून दिले. नवशिक्याला त्यांपैकी दोन मुखोद्गत हवेत. पुढे, म्हणजे खाली असलेल्या माणसाचा हक्क आधी, त्याला चुकवण्याची जबाबदारी मागून येणाऱ्याची. आणि थांबायचे असेल तर कडेला थांबावे; अरुंद वळणावर किंवा वरून न दिसणाऱ्या चढाआड कधीही थांबू नये.

छोट्या सहलीचा तिसरा दिवस सर्वांत फसवा असतो. कौशल्य नुकतेच आलेले असते, मांड्या मात्र दोन दिवसांच्या श्रमाने थकलेल्या असतात, आणि परतीची वेळ जवळ आल्याने मोठा उतार एकदा तरी करावा असे वाटू लागते. तो करायचाच असेल तर दुपारी उशिरा करू नये. तेव्हा पृष्ठभाग उखडलेला असतो, आणि उजेड सपाट होऊन सावल्या पुसल्या गेल्याने खाचखळगे दिसत नाहीत. सकाळी, प्रशिक्षकाला विचारून, शक्य असल्यास त्याच्याबरोबरच जावे. निघण्यापूर्वी लिफ्टच्या कर्मचाऱ्याला विचारून ठेवावे की वर गेल्यावर मन कचरले तर त्याच लिफ्टने खाली येता येईल का. अनेक लिफ्टवर तशी सोय असते, काहींवर नसते. नसेल, तर तिसरी सकाळही शिकाऊ उतारावरच काढावी आणि साहित्य दुपारपूर्वी परत करून टाकावे.