पाव, पीठ आणि ठाण्याचा उकाडा

नमस्कार श्रोतेहो.

घरी पाव करून पाहिलेल्या कोणालाही विचारा, तक्रार बहुधा एकच असते. कृतीत म्हटलेलं असतं, पीठ दीड तास झाकून ठेवा. तासाभराने झाकण काढावं तर पीठ भांड्याच्या काठावर आलेलं. पुढे भाजायला घातलं की पाव मधोमध बसतो आणि वासही जरा आंबूस येतो. मग दोष कोणाला? आधी यीस्टला, मग मैद्याला, शेवटी ओव्हनला. माझ्या मते बिचाऱ्या तिघांचाही दोष नसतो. ती कृती लिहिली गेलेली असते थंड मुलखात, २२-२४ अंशांच्या स्वयंपाकघरात. आपण राहतो ठाण्यात. मे महिन्यात गोखले रोडवरच्या एखाद्या घरात दुपारी ओट्याशी उभं राहा. पंखा चालू असला तरी पारा ३३-३४ च्या खाली नसतो. तिथला दीड तास इथे कसा लागू पडायचा?

यीस्ट ही जिवंत सूक्ष्म बुरशी. ती पिठातली साखर खाते, कार्बन डायऑक्साइड सोडते, जोडीला थोडा अल्कोहोलही तयार करते. तो भाजताना बहुतेक उडून जातो, तेव्हा सोवळ्या-ओवळ्याची काळजी नको. वायू पिठात अडकून राहतो तो ग्लुटेनच्या जाळ्यामुळे. गव्हातल्या दोन प्रथिनांना पाणी मिळालं आणि मळणी झाली की हे जाळं विणलं जातं. ज्वारीच्या पिठात ते नसतं, म्हणून भाकरी आपण थापतो. आता मुद्द्याची गोष्ट: आपल्याला लागणाऱ्या तापमानात साधारण ८-१० अंशांची वाढ झाली की यीस्टच्या कामाचा वेग जवळपास दुप्पट होतो. म्हणजे तिकडचे दीड तास हे आपल्याकडचे पाऊण तास. आणि घाईने फुगलेल्या पिठाला चव येत नाही. नुसता फुगवटा येतो.

मग करायचं काय? हवा आपल्या हातात नाही, मैदा डब्यात त्याच हवेत पडलेला. हातात राहतं ते पाणी. बेकरीवाल्यांचा एक साधा हिशोब आहे, तो लिहून घ्या. मळून झालेलं पीठ २६ अंशांवर असावं. २६ ची तिप्पट ७८. त्यातून हवेचं तापमान वजा करा, मैद्याचं वजा करा, मळताना घर्षणाने चढणारे दोन-तीन अंश वजा करा. उरेल तेवढ्या अंशांचं पाणी घ्या. मे महिन्यात हवा ३३, मैदा ३३, घर्षणाचे ३, उरले ९. म्हणजे फ्रीजमधलं पाणी. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी नळाला कसं येतं हे मी ठाणेकरांना सांगायला नको. जानेवारीत घरात २४ अंश असतील तर हाच हिशोब २७ वर येतो, तेव्हा साधं पाणी चालतं. ‘कोमट पाण्यात यीस्ट भिजवा’ हे वाक्य आपण इतकं ऐकलंय की थंड पाणी घालताना हात धजावत नाही. पण इन्स्टंट यीस्ट भिजवावंच लागत नाही, सरळ मैद्यात मिसळतात. कढत पाण्याने मात्र ते मरतं. ५५-६० अंशांपुढे त्याचा कारभार आटोपला.

आता प्रमाण. आठ इंची चौकोनी टिनात नऊ पावांची लादी बसते, ती धरून सांगतो. मैदा ३०० ग्रॅम. पाकिटाच्या मागे शंभर ग्रॅममागे प्रथिनं किती ते छापलेलं असतं. १० ग्रॅमच्या वर असेल असा मैदा घ्या. मीठ साडेपाच ग्रॅम, साखर १५ ग्रॅम, लोणी २५ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट हिवाळ्यात तीन ग्रॅम आणि उन्हाळ्यात त्याच्या निम्मं. पातळ पदार्थ, म्हणजे दूध आणि पाणी मिळून, २०० ग्रॅमच्या आसपास. वजनकाटा नसेल तर आधी तो घ्या, ओव्हनच्याही आधी. वाटीने मोजलेला मैदा दर खेपेला वेगळा भरतो. जांभळी नाक्याच्या बाजारात यीस्टपासून टिनपर्यंत सगळं मिळतं; यीस्टचं पाकीट फोडलं की घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून फ्रीझरमध्ये ठेवा, पावसाळ्यात बाहेर राहिलं तर दमट होऊन निकामी होतं.

पाव दुसऱ्या दिवशीही मऊ राहायला हवा असेल तर उकड काढा. हो, मोदकाला काढतो तीच पद्धत. जपान-चीनकडचे बेकरीवाले पावासाठी हेच करतात. वरच्या मैद्यातला २५ ग्रॅम मैदा आणि पातळ पदार्थातलं १२५ ग्रॅम पाणी एकत्र करून मंद आचेवर ढवळत राहायचं. पळी फिरवल्यावर तळाला रेघ उमटून राहिली की उतरवायचं. तापमान तेव्हा साधारण ६५ अंश असतं, स्टार्च फुलून पाणी धरून बसलेला असतो. तेच पाणी पावात टिकतं. उकड फ्रीजमध्ये गार करून मग पिठात घाला, म्हणजे थंडाव्याचा प्रश्नही तिथेच सुटतो. रात्री काढून ठेवली तरी चालते.

मळणीला दहा-बारा मिनिटं लागतात आणि पहिली पाच मिनिटं फार कंटाळवाणी असतात. गोळा हाताला, ओट्याला, सगळीकडे चिकटतो. इथेच बहुतेक जण मूठभर मैदा वरून भुरभुरवतात. तो मोह टाळा, पाव कोरडा होतो. लोणी सगळ्यात शेवटी घाला, कारण ते आधी घातलं तर जाळं उशिरा जमतं. गोळा कानाच्या पाळीइतका मऊ झाला की त्यातला लिंबाएवढा तुकडा तोडा आणि चारही बोटांनी हळूहळू ताणत न्या, उजेडासमोर धरा. पापुद्रा इतका पातळ व्हायला हवा की पलीकडची बोटं अंधूक दिसतील. मध्येच फाटला आणि कडा दातेरी निघाल्या तर अजून दोन-तीन मिनिटं मळा. गुळगुळीत गोल भोक पडून फाटला तर झालं.

पुढे गोळा झाकून ठेवायचा आणि घड्याळाकडे पाठ करायची. बोट मैद्यात बुडवून गोळ्यात अर्धं खुपसा. खड्डा लगेच भरून आला तर वेळ आहे. सावकाश अर्धवट भरला तर तयार. तसाच राहिला आणि आजूबाजूचं पीठ खचलं तर हद्द ओलांडली. त्याचा पाव करू नका, लाटून वर लसूण-लोणी लावा आणि भाजा, कोणी तक्रार करणार नाही. नोकरदार मंडळींना तर मी सांगतो, मळलेलं पीठ रात्रभर फ्रीजमध्येच फुगू द्या. आठ-बारा तासांत पिठात चवही मुरते आणि सकाळी आकार द्यायला गोळा घट्ट मिळतो.

नऊ गोळे करून ते टिनात बोटभर अंतराने लावा. फुगले की एकमेकांना चिकटतील आणि बाजूला पसरायला जागा नसल्यामुळे वर चढतील. लादी पावाच्या बाजू पांढऱ्या आणि कापसासारख्या राहतात त्या यामुळेच. दुसऱ्यांदा फुगल्यावर वरून दूध लावून १९० अंशांवर २० ते २२ मिनिटं. ओटीजीच्या, म्हणजे विजेच्या घरगुती ओव्हनच्या, बटणावरच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास टाकू नका, १५-२० अंशांचा फरक सर्रास असतो. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो. पाव बाहेर काढल्याबरोबर वर लोणी फिरवा आणि सुती फडक्याने झाका, कवच मऊ पडतं. आणि तासभर थांबा. गरम पाव कापला तर आत गचगचीत लागतो, कारण गाभा अजून बसलेला नसतो.

ठाण्याला पाव काही नवा नाही. साष्टी-वसईचा हा सगळा टापू पोर्तुगीजांकडे होता. आज जिथे मध्यवर्ती कारागृह आहे तो ठाण्याचा किल्ला त्यांचाच. १७३७ मध्ये तो मराठ्यांनी घेतला, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई. पाव मात्र इथेच राहिला. यीस्टची पाकिटं नव्हती तेव्हा गोव्यात माडाच्या ताडीवर पीठ फुगवत. विहिरीत पाव टाकून गावं बाटवल्याच्या गोष्टी आपल्या आज्यांनी ऐकलेल्या, त्यामुळे कित्येक घरांत पाव उशिराच आला. आता त्याच घरांतली नातवंडं मिसळीबरोबर जादा पाव मागतात.

एक स्पष्ट सांगतो. वडापाव करायचा असेल तर बेकरीचाच पाव आणा. भट्टीची ती चढी आच, तो हलका पोकळ गाभा घरच्या ओव्हनला साधत नाही, आणि वड्याला तोच पाव हवा. मुंबईतल्या बेकऱ्यांनी लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सोडून गॅस-विजेकडे वळावं असा आदेश उच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत दिला; हवेसाठी ते बरंच आहे. घरचा पाव कशाला, असं कोणी विचारलं तर मी दोन कारणं देतो. एक, चव. दुसरं, आत काय घातलंय ते आपल्याला माहीत असतं. ब्रेडमध्ये वापरलं जाणारं पोटॅशियम ब्रोमेट आपल्या देशात २०१६ मध्ये बंद झालं, तोवर ते चालत होतं.

कणकेचा पाव करणाऱ्यांसाठी थोडं. गिरणीत दळलेल्या गव्हात कोंडा असतो, तो ग्लुटेनच्या जाळ्याला कापत जातो. शिवाय दगडी जात्यात स्टार्चचे कण भरडले जातात आणि जास्त पाणी पितात. तेव्हा ३०० ग्रॅम कणकेला २२५ ग्रॅमपर्यंत पाणी लागेल. पाणी घालून अर्धा तास तशीच ठेवा, मग यीस्ट-मीठ घालून मळा. पहिल्या खेपेला निम्मा मैदा, निम्मी कणीक घ्या. संपूर्ण कणकेचा पाव मैद्याइतका फुगेल अशी आशा धरू नका. त्याची खुमारी वेगळी.

राहता राहिला साठवणीचा प्रश्न, आणि जून लागला की तो मोठा होतो. पाव फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका. तिथल्या गारव्यात स्टार्च भराभर कडक होतो. बाहेर ठेवल्यापेक्षाही लवकर शिळा लागतो. बाहेर ठेवावा तर पावसाळ्यात दोन-तीन दिवसांत हिरवी बुरशी. पाव गार झाल्यावर पिशवीत बांधून सरळ फ्रीझरमध्ये टाका, लागेल तसा काढून तव्यावर झाकण ठेवून गरम करा. दमट उकाड्यात आणखी एक रोग होतो. वरून पाव चांगला दिसतो, पण तोडला की गाभा चिकट, तारा सुटतात, आणि अति पिकलेल्या अननसाचा वास येतो. हा जिवाणूंचा प्रताप. त्यांचे बीजाणू भट्टीतूनही जिवंत सुटतात. असा पाव चाखूनही पाहू नका, टाकून द्या. टिन, डबा, ओटा, सगळं व्हिनेगरच्या पाण्याने पुसा. पुढच्या पिठात चहाचा एक चमचा व्हिनेगर घाला, आंबटपणा त्या जिवाणूंना मानवत नाही आणि एवढ्याने पावाची चवही बदलत नाही.

नमस्कार.