गड्ड्याला गेले, मित्रांना भेटले आणि बँड ऐकला

नमस्कार मंडळी, तिळगूळ घ्या, गोड बोला.

आपल्या मेलबर्नच्या मंडळाच्या कमिटीनं मला सांगितलं की तू नुकतीच सोलापूरहून आलीयस तर दहा मिनिटं बोल. प्रवासाचं फार काही सांगत नाही, मेलबर्न ते मुंबई विमान आणि पुढं वंदे भारत, २०२३ च्या फेब्रुवारीपासून ही गाडी सुरू झालीय आणि साडेसहा तासांच्या आसपास सोलापूर येतं. मला खरं तर रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेसच जास्त आवडते, सकाळी डोळे उघडले की बाहेर ज्वारी दिसायला लागते, पण यावेळी एक दिवससुद्धा वाया घालवायचा नव्हता.

कारण मी गेले होते दोनच कामांसाठी, माझ्या मित्रमैत्रिणींना भेटायला आणि आमच्या पेठेतला बँड ऐकायला. बँड म्हणजे लग्नात वाजतो तो ब्रास बँड, लाल डगला, खांद्यावर सोनेरी झालर, पुढं मास्तर. या बँडचं नाव मी इथं घेत नाही कारण त्यांना न विचारता त्यांच्याबद्दल बोलतेय, पण लहानपणी बाळीवेशीकडं राहायचो तेव्हा त्यांचं दुकान आमच्या घरासमोर होतं आणि शाळेतून आलं की दप्तर टाकून मी आधी तिथं जायची. भिंतीवर खिळ्यांना ट्रम्पेट टांगलेले असायचे, कोपऱ्यात तो मोठा ढोल, आणि मास्तर क्लॅरिनेटची पत्ती तोंडात धरून ओली करत बसलेले असायचे, त्यामुळं आपण काही विचारलं तर नुसती मान हलवून उत्तर द्यायचे. मला आयुष्यात जे काही गाणं कळतं ते तिथं कळलं.

आता जानेवारीच का, तर गड्डा. पुण्या-नागपूरच्या मंडळींसाठी सांगते, गड्डा म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वरांची यात्रा, संक्रांतीच्या आसपास पाच दिवस. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले, कन्नडमध्ये त्यांची वचनं आहेत आणि आज गावाच्या मधोमध जो तलाव आहे तो त्यांच्याच नावानं ओळखला जातो. कथा अशी की एका कुंभारकन्येला त्यांच्याशी लग्न करायचं होतं, ते योगी, त्यांनी सांगितलं माझ्याशी नाही पण माझ्या योगदंडाशी कर. तेच लग्न दरवर्षी लागतं. पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, तिसऱ्या दिवशी होम मैदानावर होम, मग शोभेचं दारूकाम, मग कप्पडकळ्ळी, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रं उतरवायचा विधी. आणि योगदंडाचं प्रतीक म्हणून सात नंदीध्वज निघतात, आम्ही त्यांना काठ्याच म्हणतो, वेगवेगळ्या समाजांकडं त्यांचा मान आहे. म्हणजे सगळ्या गावाच्या घरचं लग्न आहे, आणि लग्न म्हटलं की बँड आलाच.

आमची गँग शाळेपासूनची. एक जण अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमाग चालवतो, चादर आता कमी झालीय, टॉवेलच जास्त निघतो म्हणतो, तेलुगू घरातला आहे आणि मराठी आमच्यापेक्षा चांगली बोलतो. एक मैत्रीण शाळेत शिकवते, एक बँकेत आहे, आणि एक जण असा आहे की जो नक्की काय करतो ते आम्हाला अजून नीट सांगता येत नाही पण गावात कुठलंही काम असलं की सगळे त्यालाच फोन करतात. स्टेशनवर सगळे उभे. आणि पहिलं वाक्य काय, "काय बे, किती वाळलीस, जेवूलालीस का नाही तिकडं?" मंडळी, इथं सगळे माझ्याशी चांगलंच बोलतात पण हे असं कुणी बोलत नाही. डोळ्यात पाणी आलं माझ्या, भर प्लॅटफॉर्मवर.

१२ जानेवारीला सकाळी आम्ही चार हुतात्मा पुतळ्यापाशी गेलो. १९३० च्या मे महिन्यात इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्यात फाशी दिली. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मारवाडी, एक मराठा. मुंबई-पुण्याच्या लोकांना हे सांगावं लागतं आणि सोलापूरच्या शाळेतल्या पोराला ही चार नावं एका दमात पाठ असतात. शिक्षिका मैत्रीण तिच्या वर्गातली पोरं घेऊन आली होती, त्यांनी फुलं वाहिली आणि आम्ही तिथूनच चालत चहाला गेलो.

आणि मग अक्षतेचा दिवस. पांढऱ्या बाराबंदीतली हजारो माणसं, रस्त्यावर रांगोळीचे गालिचे, यात्रेचे मानकरी पुजारी हिरेहब्बू, त्यांच्या वाड्यापासून काठ्या निघतात, दाते गणपती, दत्त चौक, सोन्या मारुती, माणिक चौक, विजापूर वेस, पंचकट्टा करत देवळाकडं. काठी एकच माणूस उचलतो, कमरेच्या पट्ट्यात टेकवून, आजूबाजूचे हात लावायला तयार असतात पण तोल त्याचाच. याचा सराव आधीपासून रात्री रात्री चाललेला असतो. आम्ही माणिक चौकाच्या अलीकडं एका दुकानाच्या पायरीवर उभे होतो, हलगी आधी ऐकू आली, मग संबळ, मग गर्दीतून "एकदा भक्तलिंग हर बोला हर" अशी आरोळी आणि त्याच्या मागून माझा बँड.

मास्तर आता थकलेत. केस पूर्ण पांढरे, क्लॅरिनेट मुलानं घेतलंय आणि ते स्वतः नुसते पुढं उलटे चालतात, म्हणजे बँडकडं तोंड आणि रस्त्याकडं पाठ, एक हात वर. तो हात बघण्यासारखा असतो. माणिक चौकात एका वाड्याच्या खिडकीत एक आजी बसल्या होत्या, खूप वयस्कर, हात जोडलेले, मास्तरांचं लक्ष कसं गेलं देव जाणे, पाठमोरे चालत होते ना, पण त्यांनी हाताची दोन बोटं फिरवली आणि चालू असलेली धून तिथल्या तिथं संपवून पोरांनी एक जुनं कन्नड भजन सुरू केलं. संथ. युफोनियमवाल्यानं, म्हणजे ते मोठं पितळी वाद्य वाजवणाऱ्यानं, खालचा सूर धरून ठेवला आणि ट्रम्पेट एकदम हळू झाले. आजी खिडकीतून टाळ्या वाजवायला लागल्या आणि त्यांच्या ओठांवर ते शब्द होते, मला इतक्या लांबून दिसत होते. पुढं थोड्या अंतरावर एका घरात दुःख झालेलं होतं, मास्तरांनी मूठ वळली आणि सगळा बँड गप्प, नुसता साईड ड्रमच्या कडेवर टकटक टकटक करत पुढं गेले आणि वळण आल्यावर पुन्हा फुल वाजवायला लागले.

मला हेच तुम्हाला सांगायचंय. हा माणूस आपल्या गावाला ओळखतो. कुठल्या गल्लीत कन्नड भजन वाजवायचं, पूर्व भागात पद्मशाली लग्न असलं की कुठलं तेलुगू पिक्चरचं गाणं घ्यायचं, मुसलमानाच्या वरातीत कव्वाली कुठं चढवायची, मराठ्यांच्या परण्याला मारुतीच्या देवळाशी पोचल्यावर काय वाजवायचं, हे त्याच्या डोक्यात आहे, कुठंही लिहिलेलं नाही. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा वेगळं, गणपतीत लेझीमच्या मागं वेगळं. सोलापुरात सार्वजनिक गणपती टिळकांच्याही आधीपासून आहे, शुक्रवार पेठेतला आजोबा गणपती १८८५ चा सांगतात, म्हणजे या गावाला मिरवणुकीचं वेड किती जुनं आहे बघा. ज्या गावात एका रस्त्यावर चार भाषा बोलल्या जातात तिथं त्या सगळ्या येणारा एक माणूस पाहिजेच, आणि आमच्याकडं तो माणूस बँडमास्तर आहे.

मिरवणूक झाल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे दुकानात गेलो. दुकान आता निम्मं झालंय, निम्म्यात मोबाइल रिपेअरिंग आहे. मास्तरांनी मला ओळखलं, नाव घेऊन हाक मारली, चहा सांगितला. मग हळूहळू बोलायला लागले. आधी मे महिन्यात दाट तिथीला एका दिवसात तीन-तीन सुपाऱ्या असायच्या, पोरं उन्हात डगला घालून उभी राहायची, सोलापूरचं ऊन म्हणजे तुम्हाला माहितीय, पाणी प्यायला वेळ नसायचा. आता लोक डीजे लावतात. एक टेम्पो, दोन पोरं, एक लॅपटॉप, काम झालं. बँडमधली जुनी माणसं कुणी यंत्रमागावर जातं, कुणी रंगकाम करतं, कुणी भाजीची गाडी लावतं आणि सीझनला फोन आला की येतात, तेवढ्यात ओठाची सवय गेलेली असते. ट्रम्पेटवाल्याचा ओठ रोज लागतो हो, महिनाभर वाजवलं नाही की सूर फाटतो आणि ओठही फाटतो, थंडीत तर रक्त येतं, खोबरेल लावून लावून वाजवतात.

माझं मत स्पष्ट आहे, हे डीजे प्रकरण मला अजिबात पटत नाही. माझ्याच एका चुलत भावाच्या लग्नात डीजेचा आवाज असा होता की खिडकीच्या काचा थरथरत होत्या आणि आमची काकू छातीला हात लावून आत जाऊन बसली, स्वतःच्या मुलाची वरात तिनं पाहिलीच नाही. काकूकडं बघून थांबणारं त्या टेम्पोत कुणी नव्हतंच. गावातल्या लोकांनाही हे आता नकोसं झालंय आणि डीजे बंद करा म्हणून माणसं उघडपणे बोलायला लागलीत याचा मला मनापासून आनंद आहे. पण नुसतं बंद करा म्हणून बँड वाचत नाही, सुपारी द्यावी लागते, आणि वेळेवर पैसे द्यावे लागतात, अर्धे आधी, अर्धे वाजवून झाल्यावर लगेच, पुढच्या आठवड्यात या असं नाही. आपल्यातल्या कितीतरी लोकांची, त्यांच्या भाचे-पुतण्यांची लग्नं तिकडं होतात आणि खर्चाला आपण इथून हातभार लावतो, तर तिथं फोनवर एवढं सांगता येतं की बँड ठरवा, मी देते त्याचे पैसे. मी माझ्या भाचीच्या लग्नाची सुपारी दुकानातच दिली, मास्तरांनी वहीत तारीख लिहिली आणि त्याखाली माझ्या समोर पोरांची नावं लिहिली, कोण कोण येणार ते.

त्यानंतर आम्ही मित्राच्या शेतावर हुरड्याला गेलो, मोहोळच्या बाजूला. आगटी पेटवलेली, गरम कणसं हातावर चोळायची, बरोबर शेंगाचटणी, दही, गोडीशेव, रेवड्या. मास्तरांचा मुलगा आला होता क्लॅरिनेट घेऊन, गँगनंच बोलावलेलं, मला आधी सांगितलंच नव्हतं. त्यानं आम्हाला शाळेतल्या दिवसांतली गाणी वाजवून दाखवली, आम्ही गायलो, यंत्रमागवाल्यानं एक तेलुगू गाणं म्हटलं आणि कळलं कुणालाच नाही तरी सगळ्यांनी कोरस धरला. रात्री किती वाजले कुणी बघितलं नाही.

निघताना मी मास्तरांना इथलं सांगितलं, की आमच्या मेलबर्नच्या मुलांना शाळेत बँड असतो, आपल्या मंडळातल्याच कितीतरी पोरांकडं ट्रम्पेट आहे, क्लॅरिनेट आहे, सॅक्सोफोन आहे, शाळेच्या कॉन्सर्टला वाजवतात आणि एरवी पेटी पलंगाखाली असते, आणि गणपतीच्या मिरवणुकीला आपण मात्र ट्रॉलीवर स्पीकर लावतो. मास्तर म्हणाले, "मग पोरांनाच वाजवू दे की, मी सांगतो." आणि त्यांनी खरंच सांगितलं. मिरवणुकीच्या तीन धुना, आरतीची चाल आणि लेझीमचा ठेका त्यांनी सरगम म्हणत माझ्या फोनवर रेकॉर्ड करून दिलाय, प्रत्येक वाद्याचं वेगळं, आधी हळू मग लयीत, मध्ये मध्ये "इथं श्वास घ्या" असं सुद्धा सांगितलंय. नोटेशन उतरवून घ्यायचं काम मी सुरू केलंय पण मला युफोनियमचं जमत नाही, त्यासाठी कुणीतरी वाचता-लिहिता येणारं पाहिजे.

तर ज्यांच्या घरात वाजवणारी मुलं आहेत त्यांनी आत्ता चहाच्या वेळी मला गाठा, मी तिळगुळाच्या टेबलापाशी उभी आहे, मुलाचं नाव आणि वाद्य लिहून घेते. मोठ्यांपैकी कुणी वाजवत असेल तर तेही या, ढोलाला आणि खुळखुळ्याला माणसं लागतीलच. प्रॅक्टिस रविवारी दुपारी आमच्या गॅरेजमध्ये, शेजाऱ्यांना विचारून ठेवलंय. पहिल्या दिवशी मास्तर व्हिडिओ कॉलवर येणार आहेत, तिकडं तेव्हा सकाळ असते आणि दुकान उघडायच्या आधी त्यांना वेळ असतो.