बोर्ड घेण्याआधी कर्नल पाहा

(सोलापुरातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आज इथे शिक्षक आहेत, टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत डिझाइनचं काम करणारी मंडळी आहेत, इंजिनिअरिंगची मुलं आहेत आणि आठवी-नववीतल्या मुलांना सोबत घेऊन आलेले पालकही आहेत. सगळ्यांचा प्रश्न साधारण एकच आहे. तळहातावर मावणारं बोर्ड घेतलं, त्याला घरातला टीव्ही किंवा जुना मॉनिटर जोडला, तर त्याचा रोजच्या वापराचा कॉम्प्युटर होतो का? होतो. मात्र खोक्यावर छापलेले गिगाहर्ट्‌झ आणि जीबी पाहून ते कळत नाही. त्या बोर्डासाठी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल, म्हणजे हार्डवेअर चालवणारा तिचा गाभा, आज कोण सांभाळतंय, हे आधी पाहावं लागतं. स्वस्त बोर्ड घेऊन पस्तावलेली जी माणसं मला भेटतात, त्यांतल्या बहुतेकांनी हे एवढंच पाहिलेलं नसतं. म्हणून आज त्यावर सविस्तर बोलतो.

इतिहास थोडक्यात. रास्पबेरी पाय हा असाच बोर्डावरचा कॉम्प्युटर फेब्रुवारी २०१२ मध्ये ३५ डॉलरला बाजारात आला. एबेन अप्टन आणि केंब्रिजमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांना शाळकरी मुलांच्या हाती बिनधास्त हाताळता येईल असं यंत्र द्यायचं होतं. त्यातली एआरएम जातीची चिपही केंब्रिजचीच लेक. एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी तिची रचना केली आणि १९८५ मध्ये पहिली चिप चालली. पायच्या यशानंतर ऑरेंज पाय, बनाना पाय अशी भावंडं आली. आकार तोच, किंमत बऱ्याचदा कमी, कागदावरचे आकडे कधीकधी पायपेक्षा सरस. इथेच माणूस फसतो.

आपल्या नेहमीच्या पीसीचं बघा. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून त्या घराण्यात बायॉसची सोय आहे. आता त्याची जागा यूईएफआयनं घेतली आहे. यंत्र सुरू झालं की मेमरी किती, डिस्क कुठे, अमुक चिप कुठल्या पत्त्यावर, ही माहिती ऑपरेटिंग सिस्टिमला तिथूनच मिळते. त्यामुळे उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराचा एकच पेनड्राइव्ह आपण कुठल्याही कंपनीच्या लॅपटॉपला लावतो आणि तो चालतो.

छोट्या बोर्डांवर अशी सोय सहसा नसते. चिपमध्ये कायमचा कोरलेला एक लहानसा प्रोग्राम असतो. तो मेमरी कार्डावर एका ठरावीक जागी पाहतो. ऑलविनर कंपनीच्या चिपा कार्डाच्या सुरुवातीपासून ८ किलोबाइटवर पाहतात, रॉकचिप कंपनीच्या ३२ किलोबाइटवर. तिथे बूटलोडर, म्हणजे यंत्रणा सुरू करून देणारा प्रोग्राम, सापडला, बहुतेक वेळा तो यू-बूट असतो, की तो मेमरी जागी करतो, कर्नल उचलतो आणि त्याच्या हाती डिव्हाइस ट्री नावाची फाइल देतो. एचडीएमआय कुठे आहे, नेटवर्कची चिप कुठे आहे, कोणती पिन कशाची वीज चालू करते, हे सगळं त्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. रास्पबेरी पायची तऱ्हा निराळी आहे. तिथे आधी ग्राफिक्सचा भाग जागा होतो, आणि पाय ४ पासून बूटलोडर बोर्डावरच्याच एका चिपमध्ये बसवलेला असतो. पण मुद्दा तोच राहतो. कर्नलला बोर्डाची ओळख आधीच लिहून द्यावी लागते.

सोलापुरात हे समजावायला फार कष्ट नाहीत. ठरावीक हुकांच्या जॅकार्डसाठी, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रासाठी, पाडलेली कार्डं वेगळ्या हुकसंख्येच्या जॅकार्डवर चालत नाहीत, नक्षी तीच असली तरी. तसंच ऑरेंज पाय वनची इमेज, म्हणजे कार्डावर लिहायची तयार यंत्रणा, ऑरेंज पाय झिरो २ वर चालेल असं धरून चालू नका. नावं सारखी दिसतात, पण एकात ऑलविनरची एच३ चिप आहे आणि दुसऱ्यात एच६१६.

मग ही ओळख लिहितं कोण? खरी गोम इथे आहे. स्वस्त बोर्डांवरच्या बऱ्याच चिपा मुळात टीव्ही बॉक्स आणि टॅबलेटसाठी बनलेल्या. चिप बनवणारी कंपनी अँड्रॉइडसाठी एखादा कर्नल घेते, त्यात आपले ड्रायव्हर, म्हणजे चिपचे भाग चालवणारे प्रोग्राम, घालते आणि पुढच्या चिपकडे वळते. एच३ सोबत कंपनीनं दिलेला कर्नल ३.४ मालिकेतला होता, म्हणजे मूळचा २०१२ चा. २०१६ मध्ये उघड झालं की ऑलविनरच्या त्या कर्नलमध्ये चाचणीसाठी ठेवलेली एक पळवाट तशीच राहून गेली आहे. यंत्रातल्या एका विशिष्ट फाइलमध्ये ‘रूटमायडिव्हाइस’ असं लिहिलं, की कुठल्याही साध्या प्रोग्रामला सगळ्या यंत्राचा ताबा मिळायचा. मुलांना हे सांगताना मी दरवेळी थांबतो. जुना कर्नल म्हणजे नुसता मंद कर्नल असं नसतं. घराचं दार उघडं राहिलेलं असतं आणि ते लावायला कोणी येणार नसतं.

त्याच चिपसाठी लिनक्स-सनक्सी या गटातल्या लोकांनी, बहुतेकांनी स्वतःच्या मोकळ्या वेळात, नवे ड्रायव्हर लिहून मुख्य लिनक्समध्ये दाखल केले. त्याला मेनलाइन म्हणतात. एकदा कोड तिथे गेला की जगभरचे लोक तो पुढे नेत राहतात. आर्मबियन हा प्रकल्प याच कामावर उभा आहे. निरनिराळ्या बोर्डांसाठी डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांच्या तयार इमेज तो देतो. या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. चिप विकून पैसे कमावणाऱ्यांनी करायचं काम त्यांनी केलं.

तेव्हा पैसे देण्याआधी आर्मबियनच्या साइटवर आपलं बोर्ड शोधा. त्याला सांभाळणारा माणूस आहे, की ते लोकांच्या भरवशावर सोडलेलं आहे, हे तिथे लिहिलेलं असतं. शेवटची इमेज केव्हाची आहे तेही पाहा. बोर्ड तिथे नसेल आणि विकणाऱ्याच्या साइटवर दोन-तीन वर्षं जुनी एकच इमेज पडून असेल, तर निम्म्या किमतीत मिळालं तरी घेऊ नका. रास्पबेरी पाय महाग वाटतो, पण २०१२ च्या पहिल्या पायसाठीसुद्धा आज ३२ बिटची रास्पबेरी पाय ओएस मिळते. किमतीचा तेवढा फरक मी आनंदानं देतो.

आता प्रत्यक्ष बसवण्याकडे येतो. पीसीसारखं सीडी लावून ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत जाणं इथे नसतं. तयार यंत्रणेची अख्खी इमेज दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची आणि कार्डावर लिहायची. लिहिण्यासाठी रास्पबेरी पाय इमेजर किंवा बलेना एचर वापरा. दोन्ही फुकट आहेत, आणि दाबून लहान केलेली (कॉम्प्रेस्ड) फाइल आधी उघडून घ्यावी लागत नाही. डाउनलोडच्या शेजारी शा-२५६ ची लांबलचक ओळ दिलेली असते, ती ताडून पाहा, म्हणजे फाइल धड उतरली का ते कळतं. लिहून झाल्यावर विंडोज विचारतं, ही डिस्क फॉरमॅट करू का? तिथे ‘कॅन्सल’ दाबा. विंडोजला लिनक्सचा विभाग वाचता येत नाही, म्हणून तो विचारतो. पुष्कळ जण भाबडेपणानं ‘हो’ म्हणतात आणि मग बोर्डाला दोष देतात.

कार्ड ३२ जीबीचं, ए१ ही वेगाची खूण असलेलं घ्या. कार्डात नकली माल फार. ६४ लिहिलेलं असतं आणि आत ८ असतात. कुठूनही घेतलंत तरी आधी एफ३ किंवा एच२टेस्टडब्ल्यू या प्रोग्रामनं पूर्ण भरून तपासा. वेळ लागतो, पण महिन्याभरानं गायब होणाऱ्या फाइली वाचतात.

दुसरी गोष्ट वीज. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतात, पाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपिअर. मोबाइलच्या चार्जरवर ६५ वॉट लिहिलेलं असलं तरी ते वॉट जास्त व्होल्टला मिळतात, ५ व्होल्टला तो हात आखडता घेतो. त्यात बारीक तारेची केबल असली की बोर्डापर्यंत पोहोचताना व्होल्टेज आणखी पडतं. साधारण ४.६३ च्या खाली गेलं की पायच्या पडद्यावर विजेची खूण दिसते आणि यंत्र स्वतःला मंद करून घेतं. बाकीची बहुतेक बोर्डं अशी सूचना देत नाहीत, सरळ मध्येच बंद पडतात. ऑपरेटिंग सिस्टिमवर फोडलेली खापरं बहुधा अ‍ॅडॉप्टरची असतात.

पहिल्यांदा सुरू होताना यंत्रणा कार्डभर पसरते, एखाद्‌वेळी स्वतःच पुन्हा सुरू होते. घाई करून वीज काढू नका. मग नाव आणि पासवर्ड विचारला जातो. पूर्वी पायवर सगळ्यांचं नाव ‘पाय’ आणि पासवर्ड ‘रास्पबेरी’ असायचा, तो एप्रिल २०२२ पासून बंद झाला हे उत्तम झालं. पडदा काळाच राहिला तर आधी हिरवा दिवा लुकलुकतो का बघा. तरीही कळेना, तर ३.३ व्होल्टचा यूएसबी-टीटीएल जोड घ्या आणि तीन तारा सीरियल पिनांना लावा. यंत्र कुठे अडलं ते दुसऱ्या कॉम्प्युटरवर ओळीओळीनं वाचता येतं. ५ व्होल्टचा जोड मात्र लावू नका, चिप जळते. इंजिनिअरिंगच्या मुलांनी हे शिकलंच पाहिजे.

मेमरीबद्दल स्पष्ट सांगतो. १ जीबीवर डेस्कटॉप उघडतो, ब्राउझर मात्र गुदमरतो. २ जीबीवर एक्सएफसीई सारखा हलका डेस्कटॉप घेतला तर दोन-चार टॅबपर्यंत निभतं. घरासाठी घेताय तर ४ जीबी घ्या.

मराठीसाठी नोटो देवनागरी फॉन्ट बसवा आणि कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट जोडा. याबद्दल इथे जरा जास्त बोलावंसं वाटतं. सोलापुरात एका वर्गात मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या घरांतली मुलं शेजारी शेजारी बसतात. १९९१ च्या भारतीय मानकातली इनस्क्रिप्टची मांडणी सगळ्या भारतीय लिप्यांना एकच आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. इंग्रजी के च्या बटणावर मराठीत क उमटतो, तेलुगूतही क आणि कन्नडमध्येही क. म्हणजे मुलानं बोटांना एकदा वळण लावलं की तेवढ्यावर तो आजीला तेलुगूत पत्र लिहू शकतो आणि शाळेचा निबंध मराठीत. तिन्ही मांडण्या लिनक्समध्ये आधीपासून असतात, विकत काही घ्यायचं नाही. शाळांनी हे अजून मनावर घेतलेलं नाही याचं मला वाईट वाटतं.

कारखानदार मित्रांनी विचारलं, टॅली चालेल का? नाही चालणार. टॅली विंडोजसाठी आहे, तेही इंटेल जातीच्या चिपवर. जॅकार्ड डिझाइनची बहुतेक सॉफ्टवेअरंही तशीच, आणि डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर एआरएमसाठी क्वचितच मिळतात. हिशेबाचं यंत्र आहे तसं राहू द्या. लिबरऑफिस, ब्राउझर, मुलांचं पायथन, भिंतीवरच्या पडद्यावर उत्पादनाचे आकडे दाखवणं, या कामांना बोर्ड चांगलं.

आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका. पाय ४ ची चिप ८० अंशांना पोहोचली की वेग कमी करते, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्या खोल्यांतच ४० असतात. हीटसिंक आणि छोटा पंखा लावाच. वीज जाण्याचाही त्रास आहे. कार्डावर लिहिणं चालू असताना वीज गेली तर फाइलव्यवस्था बिघडते. १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस चालत नाही, ५ व्होल्ट पुरेशा अँपिअरनं देणारा घ्या. पाय ४ वर घड्याळाची बॅटरी नाही. इंटरनेट नसताना वीज जाऊन आली की तारीख मागे पडते आणि मग सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत. आधी तारीख तपासा, मग ब्राउझरवर चिडा.

सगळं मनासारखं जमलं, अपडेट झाले, फॉन्ट आणि कीबोर्ड बसले, की यंत्र नीट बंद करून कार्ड काढा आणि त्याची पूर्ण प्रत हार्डडिस्कवर ठेवा. शाळेच्या प्रयोगशाळेत तीच प्रत सगळ्या कार्डांवर उतरवता येते, फक्त बोर्ड सगळी एकाच मॉडेलची हवीत. प्रत्येक यंत्राचं नाव मात्र बदला आणि एसएसएचच्या (नेटवर्कवरून यंत्रात शिरण्याच्या सोयीच्या) किल्ल्या नव्यानं तयार करा. नाहीतर नेटवर्कवर सगळी यंत्रं एकाच नावानं दिसतील आणि कुठल्या बाकावरचं यंत्र अडलंय ते सरांना कळणार नाही.