दुतोंड्याची पार्टी

नमस्कार मंडळी. सकाळचा चहा झाला असेल, नसेल तर गॅस बारीक करा आणि पाच-सात मिनिटं इकडे कान द्या. आज विषय शिकारीचा, म्हणजे शौकाची शिकार आणि चोरटी शिकार, दोन्ही.

आता ट्रॉफी म्हटलं की आपल्याला कबड्डीचा कप आठवतो, शोकेसमध्ये धूळ खात पडलेला. शिकाऱ्याची ट्रॉफी वेगळी. मारलेल्या जनावराचं मुंडकं, शिंगं, कातडं, भिंतीवर टांगायचं आणि आल्यागेल्याला दाखवायचं. 2015 च्या जुलैत झिंबाब्वेमध्ये ह्वांगे नॅशनल पार्कच्या हद्दीबाहेर सेसिल नावाचा 13 वर्षांचा सिंह असाच मारला. गळ्यात ऑक्सफर्डच्या संशोधकांचा कॉलर होता त्याच्या. आधी बाण मारून जखमी केला, मग कित्येक तासांनी गाठून ठार केला, आणि या शिकारीसाठी परदेशी पाहुण्याने 50,000 डॉलरच्या आसपास मोजले असं तेव्हा बातम्यांत होतं. जगभर बोंब झाली.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या 1991 च्या दुरुस्तीने हा शौक बंद केला. आणि कायद्यात ट्रॉफी म्हणजे नुसतं मुंडकं नाही बरं का, कातडं, शिंग, दात, नख, सगळं त्यात येतं. आजोबांच्या काळातलं काळविटाचं शिंग माळ्यावर असेल तर त्याचा मालकीचा दाखला लागतो, आणि दाखला असला तरी ते विकता येत नाही. परत सांगतो, दाखला असला तरी विकता येत नाही. मला तर ते वाघनखाचं लॉकेट घालणाऱ्यांचं कोडंच आहे. नख खोटं असेल तर सोनाराला फुकट पैसे दिले, खरं असेल तर तो गुन्हाच, आणि तरी शर्टाची वरची दोन बटणं उघडी ठेवून फिरायचं. असो.

तर दुतोंड्या. नाशिक शहरात दुतोंड्या म्हटलं की मारुती, गोदावरीला पूर आला की पाणी त्याच्या कमरेला लागलं की गळ्याला यावर अख्खं गाव पूर मोजतं. पण शहर सोडून निफाडकडे या, तिथे दुतोंड्या म्हणजे मांडूळ. बिनविषारी साप, भुसभुशीत मातीत राहतो, उंदीर खातो. शेपूट तोंडासारखी बोथट, धोका वाटला की डोकं वेटोळ्यात लपवतो आणि शेपूट पुढे करतो, म्हणून दोन तोंडं. तोंड एकच आहे मंडळी. एकच.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट, मी कॉलेजात होतो आणि सुट्टीत काकांकडे गेलेलो. गावाचं नाव सांगत नाही. शेततळ्याचं खोदकाम चालू होतं, जेसीबीच्या बकेटमधून मातीबरोबर मांडूळ निघालं, चांगलं हातभर, तपकिरी, तुकतुकीत. ड्रायव्हर मारायला धावला तर काका असे आडवे आले जसं काही पोटचं पोर आहे. मला वाटलं काय भूतदया! रात्री कळलं की दया-बिया काही नाही, कुणीतरी कानात सांगितलेलं की मांडुळाला मुंबईची पार्टी कोटी रुपये देते, फक्त वजन अडीच किलो पाहिजे. कशासाठी, तर गुप्तधन शोधायला, पैशाचा पाऊस पाडायला. पाऊस! आमच्याकडे साधा रोहिणीचा वेळेवर पडत नाही.

मग काय, मांडूळ निळ्या ड्रममध्ये, खाली लाल माती, ड्रम कांद्याच्या चाळीत, वर गोणपाट. भाजीच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन केलं, 900 ग्रॅम. मी टॉर्च धरून उभा. खोटं कशाला बोलू, वहीच्या मागच्या पानावर माझ्या वाट्याला किती येतील तो हिशोबही मी केला होता, त्यात बुलेट पण धरली होती. अडीच किलो व्हायला अजून 1,600 ग्रॅम पाहिजेत, तर एक शहाणा म्हणाला सायकलच्या बेअरिंगचे छर्रे चारा. असं खरंच करतात, आणि साप आतून फाटून मरतो. काका तेवढं नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी एजंट आला, पांढरी चप्पल, दोन मोबाईल. त्याने 'टेस्टिंग'चे म्हणून 11,000 रोख घेतले, त्याच हंगामातल्या द्राक्षाच्या उचलीतले. "पार्टी येऊ राहिली," रोज फोन. आठ दिवस पार्टी येऊच राहिली, आणि काका आणि शेजारचा बापू पाळीपाळीने चाळीत ड्रमशेजारी झोपू राहिले.

इकडे घरात काकू भडकलेली. कोठीतल्या गव्हात उंदीर, रोज पोत्याला नवं भोक. ती एकदाच म्हणाली, "घरात उंदीर नाचू राहिले अन् उंदीर खाणारं जनावर यांनी ड्रमात कोंडलं." कुणी लक्ष दिलं नाही.

नवव्या दिवशी पार्टी आली खरी. काळ्या काचांची गाडी, पार्टी आतच बसलेली, काच खाली केलीच नाही. एजंट चाळीत आला. काकांनी गोणपाट काढलं, ड्रम आडवा केला, माती ओतली. माती. हाताने चाचपली, चाळणीने चाळली, मातीच. एजंट उलटा काकांवरच ओरडला, माल दुसरीकडे फिरवला म्हणून, आणि 11,000 सकट गाडी गेली ती गेलीच.

झालं होतं असं की तिसऱ्याच रात्री, बापू घोरत असताना, काकूने मांडूळ पाटीत घालून गव्हाच्या बांधावर सोडून दिलं होतं. सहा रात्री दोन बाप्ये मातीची राखण करत होते! मला तिने पुढे कधीतरी भाकरी थापता थापता सांगितलं. काकांना नाही. आणि यातली खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, गावात काय पसरलं माहितीये? मांडूळ आपोआप गायब झालं, म्हणजे ते अस्सल होतं, त्यात शक्ती होती. काका अजून पारावर हेच सांगतात.

बाकीचं पटकन सांगतो, वेळ संपत आलाय. 'हत्ताजोडी' म्हणून जी मुळी विकतात ती मुळी नाही, वाळवलेलं घोरपडीचं लिंग असतं, नर घोरपड मारून काढलेलं. मुळी नाही, घोरपड. बांधावर रानडुकरासाठी क्लच वायरचा फास लावतात त्यात बिबट्या अडकतो, आणि सुटायला जितका ओढतो तितकी वायर कमरेत रुतते. बिबट्या, घोरपड, आपल्या येवल्याच्या ममदापूरची काळविटं, सगळे कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, शिकारीला कमीत कमी 3 वर्षं, जास्तीत जास्त 7. फास दिसला, ड्रम दिसला, कुणी "पार्टी आहे" म्हणालं, तर वनविभागाचा नंबर 1926. एक नऊ दोन सहा. फास स्वतः सोडवायला जाऊ नका, आत जनावर असलं तर अजिबातच नको.

येतो मंडळी, नमस्कार. आणि काकू, काल फोनवर सांगितलं होतं, आज काकांच्या रेडिओचे सेल काढून ठेव म्हणून. काढलेस ना?