काउबॉयची टर उडवायची तर

मंडळी, सुरुवात एका शॉटपासून करू. नजर पोचेल तिथवर बर्फ आणि त्या बर्फाच्या ऐन मधोमध शहरातल्या भुयारी रेल्वेचा जिना. त्यातून एक माणूस वर येतो. चेहऱ्यावरची रेष हलत नाही. हा बस्टर कीटन, आणि लघुपट ‘द फ्रोझन नॉर्थ’, साल १९२२, लांबी दोन रिळं. सतरा-अठरा मिनिटांत त्याने त्या काळच्या वेस्टर्नची, म्हणजे काउबॉयपटांची, सालटी काढली.

त्याचा रोख होता वेस्टर्नमधला नायक विल्यम एस. हार्टवर. हार्ट मूळचा रंगभूमीवरचा, शेक्सपिअर केलेला नट. त्याचा नायक म्हणजे वरून दगड, आतून हळवा असा बदमाश. बंदूक चालवणार, पण हृदय मोडलं की गालावरून एक टिपूस ओघळणार. आता कीटनने काय केलं ते बारकाईने बघा. तो झोपडीत शिरतो. समोर एक बाई परक्या पुरुषाच्या मिठीत. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर येऊन थांबतो आणि गालावरून ग्लिसरीनचे अश्रू घरंगळतात. मग तो शांतपणे दोघांनाही गोळ्या घालतो, आणि नंतर त्याच्या ध्यानात येतं की ही बायको आपली नव्हे आणि घरही आपलं नव्हे!

या प्रसंगात वेडंवाकडं तोंड कुठेच नाही. अश्रूंचा शॉट हार्टच्याच पद्धतीने घेतलाय: कॅमेरा स्थिर, चेहरा जवळून, घाई नाही. प्रेक्षक क्षणभर खऱ्या वेस्टर्नमध्ये शिरतो, म्हणून पुढची चूक त्याला आडवं पाडते. रडताना कीटनने जरासं जरी नाटक केलं असतं, तरी गोळी झाडण्याआधीच विनोद मेला असता. माझं सगळं सांगणं याभोवतीच आहे. विडंबनात मूळ गोष्टीची बांधणी मूळाहून घट्ट हवी. कीटनने पुढे सांगितलंय की या लघुपटामुळे हार्ट रागावला आणि दोनेक वर्षं त्याच्याशी बोलला नाही. नक्कल किती नेमकी बसली असेल, ते त्या अबोल्यावरून कळतं.

आधी एक प्रकार भरभराटीला येतो, मग म्हातारा होतो आणि मग त्याची थट्टा सुरू होते, असं आपण धरून चालतो. इथे तसं झालं नाही. १९१६ साली हार्टचे चित्रपट ‘ट्रँगल’ कंपनी वितरित करत होती, आणि त्याच वर्षी त्याच कंपनीकडून कीस्टोन या विनोदी लघुपटवाल्यांचा ‘हिज बिटर पिल’ आला. त्यात मॅक स्वेन हा धिप्पाड विनोदी नट हार्टछाप शेरीफ झाला होता. म्हणजे एकाच छपराखाली वेस्टर्नही आणि त्याची टवाळीही. १९२३ मध्ये ‘द कव्हर्ड वॅगन’ने बैलगाड्यांचा प्रचंड तांडा पडद्यावर आणला, तर पुढच्याच वर्षी विनोदी नट विल रॉजर्सने आपल्या लघुपटात फक्त दोन गाड्यांचा तांडा काढला. भव्यतेची खोड मोडायला आकडा कमी केला की पुरतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट म्हणायला हवी. या लघुपटांतले मूळ अमेरिकी आणि कृष्णवर्णीय माणसांवरचे विनोद आज पाहवत नाहीत, आणि त्यांची सफाई देण्याचं कारणही नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे. सलूनमधली, म्हणजे वेस्टर्नमधल्या दारूच्या गुत्त्यातली, मारामारी म्हटलं की डोक्यावर बाटली फुटणार. ती साखरेची करता येते. साडेतीन वाट्या साखर, दोन वाट्या पाणी, एक वाटी लिक्विड ग्लुकोज आणि पाव चमचा क्रीम ऑफ टार्टर. पाकात आपण लिंबू पिळतो ना, तेच काम ही पूड करते, साखरेचे खडे पुन्हा जमू देत नाही. मंद आचेवर १५० अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचं. थर्मामीटर नसेल तर चिक्कीवाल्यांची परीक्षा घ्या: गार पाण्यात थेंब टाकला की तो कडक व्हावा आणि मोडताना कट्‌कन आवाज यावा. पाक आधीच उतरवला तर बाटली फुटत नाही, वाकते. भांड्याच्या कडेची साखर आत पडली तर पाक रवाळ आणि धुरकट होतो, म्हणून ओल्या ब्रशने कडा पुसत राहा. आच मोठी ठेवलीत तर रंग तांबूस येतो. खिडकीच्या काचेला तो चालणार नाही, पण व्हिस्कीच्या बाटलीला हवा तसाच असतो.

साच्यात ओतल्यावर साचा फिरवत राहायचं. थांबलात की पाक बुडाशी साचतो आणि तिथे दगडासारखा गठ्ठा होतो. तो कुणाच्या डोक्यात बसला तर खोक पडेल. मार बाटलीच्या मधल्या भागाचा, तोही टोपीवर किंवा खांद्यावर, चेहऱ्याजवळ कधीच नाही, कारण साखरेचे तुकडेही धारदार असतात. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवेतला ओलावा तासाभरात बाटली चिकट करतो. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि त्याच दिवशी वापरा.

वेगाचंही असंच. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात हँडलच्या एका फेऱ्याला आठ फ्रेम, म्हणजे फिल्मवरची आठ चित्रं, सरकत, सेकंदाला दोन फेरे म्हणजे सोळा. बारा फ्रेमनी चित्रित करून सोळाने दाखवलं की धावपळ पाऊण वेळात उरकते. आज चोवीसच्या जागी वीसवर घ्या, तेवढं बस. त्याहून खाली गेलात तर टापांची धूळ आणि बंदुकीचा धूर चुगली करतात, दोन्ही झपकन विरतात. आणि हे फक्त लांबून घेतलेल्या शॉटमध्ये. चेहरा जवळून दाखवताना वेग वाढवाल तर ती गंभीरता हातची गेली.

शेवटी वेळ साधण्याबद्दल. थ्री स्टूजेस या विनोदी त्रिकुटाच्या ‘पंची काउपंचर्स’मध्ये, १९५० साली, दिग्दर्शक एडवर्ड बर्न्ड्सने रुबाबदार नायक दिला जॉक महोनीला. तो मुळातला स्टंटमन, म्हणून त्याचं सतत धडपडणं इतकं सुंदर दिसतं. नायिका नेल, म्हणजे क्रिस्टीन मॅकइंटायर, नाजूक अबला. ती गुंडांना ठोसे मारून लोळवते आणि मग स्वतः मूर्च्छा येऊन पडते. असा प्रसंग बसवताना क्रम मोडू नका. ठोसा, गुंडाचं पूर्ण जमिनीवर आडवं होणं, एक श्वास थांबणं, मग कपाळाला हात आणि मूर्च्छा. गुंड पडत असतानाच ती कोसळली, तर प्रेक्षकाला वाटतं तिलाही लागलं.